कॉलेज खेळाडूला टेबलाखालून दिलेले पैसे: फेडरल गुन्हा नेमका कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्या भाच्याला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडून टेनिसची शिष्यवृत्ती मिळते आहे. चौकशी करताना वाचलं की तिथे बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या घरच्यांना गुपचूप पैसे दिले म्हणून बुटांच्या कंपनीतली माणसं तुरुंगात गेली. आता तर खेळाडूंना राजरोस पैसे मिळतात. मग असे पैसे देणं हा फेडरल गुन्हा असावा का?"

मी न्यू जर्सीत वकिली करतो. फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, कोर्टातल्या आर्थिक गुन्ह्यांच्या खटल्यांत आरोपीची बाजू मांडणं हे माझं रोजचं काम आहे, तेव्हा माझा कल कुठे असेल याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. तरीही हे उत्तर कोणा आरोपीच्या बाजूने देत नाही. माझं मत आधीच सांगतो: खेळाडूला किंवा त्याच्या आईवडिलांना पैसे देणं हा फेडरल गुन्हा असता कामा नये. पण खेळाडूला विशिष्ट माणसाकडे वळवण्यासाठी त्याच्या प्रशिक्षकाला पैसे देणं हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहायला हवा. तुम्ही वाचलेल्या प्रकरणात या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच पत्रकार परिषदेत मांडल्या गेल्या आणि तेव्हापासून लोक त्यांना एकच समजतात.

तो दिवस 26 सप्टेंबर 2017. न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या फेडरल सरकारी वकिलांनी दहा जणांवर आरोप ठेवले. त्यांत ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांचे चार सहायक प्रशिक्षक होते. शिवाय आदिदासचा बास्केटबॉल मार्केटिंगचा वरिष्ठ अधिकारी जिम गॅटो, त्याच कंपनीशी संबंधित मर्ल कोड आणि एजंट होऊ पाहणारा पंचविशीतला ख्रिश्चन डॉकिन्स.

पहिला खटला गॅटो, कोड आणि डॉकिन्स यांचा. ब्रायन बोवेन हा शाळकरी बास्केटबॉलमधला नावाजलेला खेळाडू. त्याने लुईव्हिल विद्यापीठाकडून खेळावं, म्हणजे आदिदासचे बूट आणि जर्सी घालणाऱ्या संघातून खेळावं, यासाठी त्याच्या वडिलांना 1 लाख डॉलर चार हप्त्यांत द्यायचं ठरलं. कंपनीच्या हिशोबात ते पैसे दिसू नयेत म्हणून मुलांच्या एका हौशी संघाच्या नावाने खोटी बिलं फाडायची. 2017 च्या जुलैत पहिल्या हप्त्यातली रक्कम न्यू जर्सीतल्या एका पार्किंगमध्ये वडिलांच्या हातात रोख पडली. कंपनीचे पैसे निघायला वेळ लागत होता, म्हणून या हप्त्याची रोकड पुरवली ती गुंतवणूकदाराचं सोंग घेतलेल्या सरकारच्याच छुप्या एजंटाने. हा व्यवहार फेडरल सरकारच्या पैशाने पुरा झाला, ही गोष्ट मला आजही खटकते.

आता कायदा. अमेरिकेच्या फेडरल दंडविधानात "कॉलेज खेळाडूला पैसे देऊ नयेत" असं कुठेही म्हटलेलं नाही. तो नियम एनसीएए या संस्थेचा आहे, आणि एनसीएए ही विद्यापीठांनी मिळून चालवलेली खासगी संघटना आहे. सरकारी वकिलांनी म्हणून "वायर फ्रॉड"चं कलम वापरलं. फोन, ईमेल, बँक अशा आंतरराज्यीय तारेवरून खोटेपणा करून कोणाचा पैसा किंवा मालमत्ता मिळवण्याची योजना आखणं, हा तो गुन्हा. शिक्षा वीस वर्षांपर्यंत. मग इथे मालमत्ता कोणाची गेली? सरकारचं उत्तर असं: विद्यापीठाची, आणि ती म्हणजे शिष्यवृत्ती. आपण नियमात बसतो असं खेळाडू लिहून देतो. पैसे घेतल्यामुळे तो नियमात बसत नाही. हे विद्यापीठापासून लपवून त्याच्याकडून शिष्यवृत्ती काढून घेतली, म्हणजे विद्यापीठाला फसवलं.

ज्युरीने ऑक्टोबर 2018 मध्ये तिघांनाही दोषी धरलं. मार्च 2019 मध्ये न्या. लुईस कॅप्लन यांनी गॅटोला नऊ महिने आणि बाकी दोघांना सहा-सहा महिने कैद सुनावली. जानेवारी 2021 मध्ये सेकंड सर्किटच्या, म्हणजे न्यूयॉर्क आणि शेजारच्या काही राज्यांसाठीच्या, फेडरल अपील कोर्टाने शिक्षा कायम केल्या. त्या पीठातले न्या. जेरार्ड लिंच यांनी मात्र काही मुद्द्यांवर वेगळं मत दिलं: बचावपक्षाला दाखवायची होती अशी काही फोनसंभाषणं ज्युरीपुढे येऊ द्यायला हवी होती. वर्षअखेरीस सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. तेव्हा आजचा कायदा काय, असं विचाराल तर न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टांत हा गुन्हा ठरलेला आहे, आणि ते मला मान्य करावं लागतं. कायदा असा असावा का, हा तुमचा प्रश्न वेगळा.

फसवणुकीच्या खटल्यात मी पहिल्यांदा फसलेल्याकडे बघतो. इथे फसलेली ठरली ती कॅन्सस, लुईव्हिल यांसारखी विद्यापीठं. अटका झाल्या त्याच्या महिनाभर आधी लुईव्हिलने आदिदासशी दहा वर्षांचा 16 कोटी डॉलरचा करार जाहीर केला होता. कॅन्ससचं तर त्याहून बोलकं. गॅटोला शिक्षा झाली मार्च 2019 मध्ये, आणि एप्रिलमध्ये कॅन्सस विद्यापीठाने त्याच आदिदासशी 14 वर्षांचा सुमारे 19 कोटी 60 लाख डॉलरचा करार पुढे नेला. ज्या कंपनीच्या अधिकाऱ्याने आपल्याला लुबाडलं असं कोर्टात सिद्ध झालं, तिच्याशी शिक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत असा करार कोण करतं? ज्याला आपण लुबाडलो गेलो असं वाटतच नाही, तो. आरोपी विद्यापीठाला चांगला खेळाडू मिळवून द्यायला निघाले होते, हे बचावाचं म्हणणं ज्युरीने ऐकलं आणि नाकारलं. मला ते पटणारं वाटतं. तोटा झाला तो एनसीएएच्या नियमाला. आणि नियमाला झालेला तोटा म्हणजे मालमत्तेचा तोटा नव्हे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. सोसायटीच्या उपविधींत "अविवाहितांना फ्लॅट भाड्याने देऊ नये" असं लिहिलं आहे. भाडेकरू खोटंच सांगतो की माझं लग्न झालंय, मालकाला हे माहीत असतं, आणि भाडं दर महिन्याला वेळेवर येतं. सोसायटीने दंड करावा, फ्लॅट खाली करायला लावावा. पण पोलिसांनी येऊन फसवणुकीचा गुन्हा नोंदवावा आणि भाडेकरू शोधून देणाऱ्याला नऊ महिने आत टाकावं, असं आपण म्हणू का?

हा वाद 2017 मध्ये जन्मलेला नाही. 1980 च्या दशकात नॉर्बी वॉल्टर्स या एजंटाने 58 कॉलेज फुटबॉलपटूंना शिक्षण चालू असतानाच पैसे देऊन करार करून घेतले आणि त्यांवर पुढच्या तारखा टाकल्या. त्याच्या धंद्यामागे माफियाचा पैसा होता, म्हणजे सहानुभूती वाटावी असा हा माणूस नव्हे. तरीही 1993 मध्ये सेव्हन्थ सर्किटचे न्या. फ्रँक ईस्टरब्रुक यांनी त्याची फसवणुकीची शिक्षा रद्द केली. कारण सरळ होतं: वॉल्टर्सला विद्यापीठांच्या मालमत्तेतलं काहीच मिळालं नाही, मिळवायचंही नव्हतं. याउलट कॅन्सस सिटीतल्या हौशी संघाचे प्रशिक्षक मायरन पिगी यांनी शाळकरी खेळाडूंना पैसे दिले, गुन्हा कबूल केला आणि त्यांची 37 महिन्यांची शिक्षा 2002 मध्ये एट्थ सर्किटने कायम ठेवली. कृत्य एकाच धाटणीचं, पण कोर्टागणिक निकाल उलटे. तुरुंगाचा प्रश्न असताना अशी संदिग्धता चालवून घेणं मला अन्यायकारक वाटतं. माणसाला आधी कळायला हवं की आपण करतो आहोत तो गुन्हा आहे.

काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, या विषयाकडे पाहिलंच नाही असंही नाही. 1964 मध्ये तिने लाच देऊन सामन्याचा निकाल फिरवणं हा स्वतंत्र फेडरल गुन्हा केला. 2004 मध्ये एजंटांसाठी खास कायदा केला. एजंटाने विद्यार्थी खेळाडूला खोटी आश्वासनं देऊ नयेत, करारासाठी पैसे किंवा वस्तू देऊ नयेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं. आणि अंमलबजावणी सोपवली फेडरल ट्रेड कमिशनकडे, दिवाणी कारवाई म्हणून. तुरुंग त्यात नाही. जिथे तुरुंग हवा तिथे काँग्रेसने तो लिहिला, जिथे नको तिथे लिहिला नाही. सरकारी वकिलांनी वायर फ्रॉडच्या आडवाटेने नेमकी तीच मर्यादा ओलांडली.

भारतातल्या वाचकांना हे तत्त्व नवं वाटायचं कारण नाही. जानेवारी 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात म्हटलं की मॅच फिक्सिंग हा क्रिकेट मंडळाच्या नियमांचा भंग असेल आणि मंडळ कारवाई करू शकेल. पण तेवढ्याने तेव्हाच्या भारतीय दंडविधानाच्या 420 कलमातली फसवणूक होत नाही. प्रेक्षकांना निकाल फिरवून दाखवणं हे माझ्या लेखी बोवेनच्या वडिलांना दिलेल्या पैशांपेक्षा कितीतरी गंभीर आहे. त्यासाठी 1964 च्या धर्तीवर भारतात वेगळा कायदा हवा असं मला वाटतं. पण तो कायदा संसदेने करावा. फसवणुकीचं कलम ताणून त्यात बसवू नये.

सरकारी बाजूचा मुद्दा मी टाळणार नाही. ते म्हणतात, खोटी बिलं का फाडली? रोख का दिले? लपवलं, म्हणजे चुकीचं आहे हे माहीत होतं. बरोबर, माहीत होतंच. पण लपवाछपवीने एवढंच कळतं की नियम मोडतोय हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्याची मालमत्ता लाटायची होती हे त्यातून निघत नाही. खोट्या बिलांत गुन्हा असेलच तर तो कंपनीच्या हिशोबाचा आणि कराचा आहे. घेतलेल्या रोखीवर कर भरला नाही तर तोही गुन्हा, आणि त्यासाठी कलमं आहेत. मिशिगनच्या खेळाडूंना पैसे पुरवणारा एड मार्टिन 2002 मध्ये दोषी ठरला तो मनी लाँडरिंगच्या कटात, कारण त्याचा पैसा बेकायदा जुगारातून आला होता. तो खटला मला पटतो. तिथे गुन्हा पैशाच्या उगमात होता, तो देण्यात नव्हता.

आता प्रशिक्षकांची बाजू. इथे मी सरकारी वकिलांबरोबर आहे.

चक पर्सन हा एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये गाजलेला खेळाडू, ऑबर्नचा सहायक प्रशिक्षक. मार्टी ब्लेझर नावाच्या पिट्सबर्गच्या आर्थिक सल्लागाराकडून त्याने 91,500 डॉलर घेतले. बदल्यात काय करायचं होतं? आपल्या संघातली मुलं पुढे व्यावसायिक झाली की त्यांनी ब्लेझरचीच सेवा घ्यावी, असं त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या गळी उतरवायचं. मुलं प्रशिक्षकाचा शब्द बापाच्या शब्दासारखा मानतात. खेळायला किती वेळ मिळणार, शिष्यवृत्ती टिकणार की नाही, सगळं त्याच्या हातात असतं. आणि हा ब्लेझर कोण? याने आपल्या पाच ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे 23 लाख 50 हजार डॉलर उचलून सिनेमासारख्या धंद्यांत घातले होते. त्या भानगडीत सापडल्यावरच तो सरकारचा खबऱ्या झाला. म्हणजे कोट्यवधी डॉलर कमावण्याची शक्यता असलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला त्याचाच गुरू, स्वतःची मूठ गरम करून, खेळाडूंचे पैसे चोरलेल्या माणसाच्या दारात नेऊन उभा करत होता. ब्लेझर तेव्हा सरकारसाठी काम करत होता म्हणून पुढचं नुकसान टळलं, पण पर्सनला ते ठाऊक नव्हतं.

ही लाच आहे. "फेडरल निधी घेणाऱ्या संस्थेतल्या लाचखोरी"चं कलम इथे बसतं: वर्षाला 10 हजार डॉलरहून जास्त फेडरल पैसा घेणारी संस्था, तिचा नोकर, आणि 5 हजार डॉलर किंवा त्याहून मोठा व्यवहार. खेळाडूंना सल्लागाराकडे वळवणं हा विद्यापीठाचा "व्यवहार" कसा, असा आक्षेप बचावाने घेतला होता. 2021 मध्ये सेकंड सर्किटने तो फेटाळला, आणि तेवढ्यापुरता मला तो निकाल योग्य वाटतो.

पण शिक्षा बघा. चारही प्रशिक्षकांनी गुन्हा कबूल केला. पर्सनला दोन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख, आणि 200 तास समाजसेवा. दोघांना तीन-तीन महिने कैद, चौथ्याला प्रोबेशन. खेळाडूचा विश्वास विकणाऱ्याला जास्तीत जास्त तीन महिने, आणि खेळाडूच्या घरी पैसे पोचवणाऱ्याला नऊ. डॉकिन्सला लाच देण्याच्या कटाबद्दल दुसऱ्या खटल्यात एक वर्ष आणि एक दिवस झाले. रेकॉर्ड झालेल्या संभाषणांत तो छुप्या एजंटाला परोपरीने सांगत होता की प्रशिक्षकांना पैसे देण्यात अर्थ नाही, द्यायचे तर खेळाडूंना द्या. प्रशिक्षकांनाच पैसे देण्याचा आग्रह सरकारी माणसाचा होता. हे उलटं वजन मला या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत मोठी चूक वाटते.

नंतर काळ झपाट्याने बदलला. जून 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने ऑल्स्टन खटल्यात 9 विरुद्ध 0 मतांनी ठरवलं की शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएएने घातलेली मर्यादा स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग करते. 1 जुलैपासून खेळाडूंना नाव आणि प्रतिमा वापरू देण्याचे पैसे घेता येऊ लागले. जून 2025 मध्ये न्या. क्लॉडिया विल्कन यांनी 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली. आजी-माजी खेळाडूंना 2.8 अब्ज डॉलरची भरपाई मिळणार, आणि विद्यापीठं आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकणार, 2025-26 साठी प्रत्येक विद्यापीठ सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. बोवेनच्या वडिलांना ठरलेली रक्कम आज एखाद्या मोठ्या संघातल्या राखीव खेळाडूला करारावर सही करून मिळू शकते.

मग प्रश्न निकालात निघाला का? नाही, आणि म्हणूनच मी इतकं सविस्तर लिहितो आहे. मर्यादा आली की मर्यादेबाहेरचा पैसा आलाच. बाहेरच्या कंपनीने किंवा विद्यापीठाच्या श्रीमंत चाहत्याने केलेला 600 डॉलर किंवा त्याहून मोठा करार आता तपासणीसाठी नोंदवावा लागतो, आणि त्यामागे खरा व्यावसायिक हेतू आहे का ते पाहिलं जातं. एखाद्या चाहत्याने न नोंदवता वर 2 लाख दिले आणि खेळाडूने "सगळे करार नोंदवले आहेत" असं लिहून दिलं, तर गॅटो खटल्याचा सांगाडा जसाच्या तसा उभा राहतो.

सुप्रीम कोर्टाने फसवणुकीच्या आणि लाचेच्या कलमांना काही लगाम घातले आहेत. मे 2023 च्या सिमिनेली निकालात म्हटलं की निर्णयासाठी लागणारी माहिती लपवली एवढ्यावर मालमत्तेची फसवणूक ठरत नाही. जून 2024 च्या स्नायडर निकालाने लाचेच्या कलमातून काम झाल्यानंतरच्या बक्षिसी वगळल्या. पण मे 2025 मध्ये कौसिसिस खटल्यात कोर्टाने दुसरं दार उघडं ठेवलं: महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून कोणाला पैसे द्यायला लावले, तर त्याचं निव्वळ आर्थिक नुकसान झालं नसलं तरी फसवणूक होऊ शकते. शिष्यवृत्ती आणि आता विद्यापीठाचा थेट पगारासारखा हिस्सा, दोन्ही पैसेच. उद्या एखाद्या महत्त्वाकांक्षी सरकारी वकिलाला वायर फ्रॉडचं कलम पुन्हा वापरावंसं वाटलं, तर त्याला अडवणारं फारसं काही नाही.

मला हवा आहे तो बदल छोटा आहे आणि तो काँग्रेसनेच करायला हवा. क्रीडासंघटनेच्या पात्रता नियमाचा भंग, एवढ्या एकाच आधारावर मालमत्तेच्या फसवणुकीचा खटला उभा राहू नये, असं कायद्यात लिहावं. नियमभंगाची शिक्षा संघटनेनेच द्यावी. खेळण्यास बंदी, दंड, जिंकलेले सामने रद्द करणं हे सगळं तिच्या हातात आहे. 2023 मध्ये कॅन्ससचे 2017-18 मधले विजय आणि अंतिम चार संघांतला प्रवेश याच प्रकरणात पुसला गेलाच. त्याचबरोबर प्रशिक्षक, एजंट किंवा आर्थिक सल्लागार यांनी खेळाडूच्या पाठीमागे त्याच्याबद्दल पैसे घेणं हा स्वतंत्र, नाव घेऊन सांगितलेला गुन्हा करावा, ज्यात फसलेला म्हणून खेळाडूचं नाव असेल. आजच्या लाचेच्या कलमात फसलेली असते ती संस्था. मुलगा फक्त साक्षीदार.

तुमच्या भाच्याबद्दल. टेनिसमध्ये बास्केटबॉलइतका पैसा खेळत नाही, पण त्याला दोन गोष्टी सांगा. पहिली, तो एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असेल. त्या व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करून पैसे घेण्यावर कडक मर्यादा आहेत, आणि जाहिरातीचं शूटिंग किंवा समाजमाध्यमांवरची पोस्टसुद्धा काम धरलं जाऊ शकतं. अमेरिकन सहकारी घेतात म्हणून त्याने घेऊ नयेत. एनसीएएच्या नियमात बसणारी रक्कम व्हिसाच्या नियमात बसेलच असं नाही, म्हणून विद्यापीठाच्या क्रीडाविभागाव्यतिरिक्त परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयालाही आधी विचारावं, आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्यावं. दुसरी, दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला पात्रतेचं निवेदन सहीसाठी समोर येतं. घाईत, जिममधून येताना, सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहून सही करायची पद्धत असते. गॅटो खटल्यात सरकारने याच कागदावर बोट ठेवलं होतं. भारतातल्या अकादमीकडून, रॅकेट कंपनीकडून किंवा कोणा प्रायोजकाकडून आतापर्यंत मिळालेला पैसा, रॅकेट आणि प्रवासखर्च यांची यादी आत्ताच तुम्ही दोघांनी बसून करा, आणि सही करण्याआधी ती विद्यापीठाच्या नियमपालन अधिकाऱ्याला पाठवा.